तोडल्यावर आलेलं पाणी

४ मार्च, सोमवार

ही वही मी हौसेनं लिहीत नाही. पाणी खात्यातल्या चष्मेवाल्या कारकुनानं सांगितलं, "आजी, तोंडी तक्रार चालत नाही. रोज किती पाणी वापरता ते तारीख घालून लिहून आणा. मग साहेब बघतील."

मी म्हटलं, "बाबा, मी चौथीपर्यंत शिकलेली. त्यात चौथी दोनदा."

"मग काय, एका वर्षाचा जास्तीचा अनुभव आहे की," म्हणाला. हजरजबाबी आहे मेला.

तर लिहिते. अंघोळीला एक बादली. स्वयंपाक, भांडी, चहा मिळून एक. कपड्यांना अर्धी. एकूण अडीच. घरात माणूस एक, ती मी. आणि बिल आलंय दहा माणसांचं.

हे सात वर्षं चाललंय. मुलाचं लग्न झालं, सून घरात आली, आणि पुढच्याच बिलाला आकडा तिप्पट. आता घरात नवीन काय आलं होतं? सून. दोन आणि दोन चार करायला चौथी पास व्हावं लागत नाही. मी तिच्या बादल्या मोजायला लागले. ती अंघोळीला गेली की दाराबाहेर उभी राहून मोजायचे. वर पलीकडच्या पंधरा नंबरवालीचा दाखला द्यायचे. "तिचा नवरा अंथरुणाला खिळलाय, दिवसभर चादरी धुते बिचारी, तरी तिचं बिल आपल्या निम्म्यानंही नाही. शीक काहीतरी." सून उत्तर द्यायची नाही. खाली मान घालून निघून जायची. चोराला तोंड नसतं, असं मी समजले.

डिसेंबरात दोघं वेगळे झाले. गावाच्या दुसऱ्या टोकाला, तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. निघताना मुलगा म्हणाला, "आई, आता तू आणि तुझा नळ."

"सुखानं नांदू आम्ही," मी म्हटलं.

जानेवारीचं बिल आलं. तेवढंच. मुलाला फोन करून सांगितलं. त्यानं आकडा दोनदा विचारला. मग म्हणाला, "आता कोण सांडतंय, आई?"

मी फोन ठेवला. अर्थ सरळ आहे. आधी सून सांडत होती, आता खातं चोरतंय. जानेवारीचं भरलं नाही, फेब्रुवारीचं भरलं नाही. आलेली नोटीस पिठाच्या डब्याखाली घातली, डबा हलायचा तो थांबला. ही वही भरली की ती साहेबाच्या टेबलावर आपटणार, आणि साहेबानं चूक कबूल केली की तोच कागद मुलाला दाखवणार. आई खोटं बोलत नाही हे त्याला एकदा कळू दे.

५ मार्च, मंगळवार

अडीच बादल्या.

७ मार्च, गुरुवार

आज तोडलं.

सकाळी दोघंजण आले. एकाच्या हातात यादी, दुसऱ्याच्या हातात माणसाच्या उंचीची लोखंडी चावी. फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेला आमचे आणि शेजारणीचे मीटरचे खड्डे शेजारी शेजारी आहेत, वर लोखंडी झाकणं, त्यांवर घराचे नंबर. चावीवाला चौदावर, म्हणजे आमच्या नंबरावर, उभा राहिला. झाकण नेहमीसारखं खटक करून डुगडुगलं.

"मावशी, दोन महिन्यांचं थकलंय."

"थकलंय ते तुमचं खातं. खोटं बोलून बोलून."

"माझ्यावर रागवू नका. मी नुसता चावीवाला."

"फाशी देणारासुद्धा नुसता दोरीवाला असतो."

यादीवाला हसला. चावीवाला बिचारा मान खाली घालून खड्ड्यात वाकला, कॉक बंद केला, त्याला तार गुंडाळून शिशाची गोळी दाबली. "पाणी भरून ठेवलंय ना?" त्यानं हळूच विचारलं.

"तुला अंघोळ घालण्याइतकं नाही."

खरं सांगायचं तर थेंबभरही भरलं नव्हतं. नोटीस आली तेव्हाच भरायला हवं होतं. पण भरलं असतं तर ते खरंच तोडतील असं मी मानलं असतं. रागाच्या भरात माणूस दोन हात करतो, पिंप भरत नाही. पंधरा नंबरवाली खिडकीच्या पडद्याआडून बघत होती. बघ म्हटलं. पाच वर्षांत आम्ही एकमेकींशी बोललेलो नाही. तिच्या चादरींचं पाणी भिंतीवरून माझ्या अंगणात ठिबकायचं, त्यावरून वाजलं होतं.

दुपारी चहा करायला उठले. पातेलं घेतलं, सवयीनं नळाखाली धरलं, सवयीनं फिरवला. मग आठवलं, आणि स्वतःलाच म्हटलं, म्हातारे, अक्कल गहाण ठेवलीस का.

आणि पाणी आलं.

थेंब नाही. धार. पातेलं भरलं, वाहिलं, माझ्या हातावरून कोपरापर्यंत आलं. मी नळाकडे बघत राहिले. मग बंद केला, तो बंद झाला. उघडला, आलं.

चहा करायचा राहून गेला.

८ मार्च, शुक्रवार

पाइपात साठलेलं असेल, संपेल, असं म्हणून काल संध्याकाळपर्यंत चार बादल्या, दोन पातेली आणि मोरीतलं मोठं पिंप भरलं. आज सकाळी उघडला तर जोर तसाच. उलट जास्त.

फाटकाबाहेर जाऊन झाकणाच्या फटीतून पाहिलं. तार जागेवर, शिशाची गोळी जागेवर. आत आले. नळ सोडला. पाणी.

मी चमत्कारावर विश्वास ठेवणारी बाई नाही. नवरा गेला त्या दिवशी मी दूधवाल्याला दुसऱ्या दिवसापासून अर्धा लिटर कमी टाकायला सांगितलं. जे असतं ते असतं आणि जे नसतं ते नसतं, असं माझं आजवरचं शिक्षण. आणि माझ्यासाठी कुणी वरून एवढी यातायात करावी असं माझ्यात काही नाही, हे माझं मलाच ठाऊक आहे. पण मी आज नळासमोर स्टूल टाकून बसले. एवढंसं पितळेचं तोंड. वीस वर्षं रोज धरलेलं. कधी नीट पाहिलंच नव्हतं. पाणी बाहेर येतं तेव्हा आधी पिळासारखं वळतं, मग सरळ होतं, काचेच्या कांडीसारखं, आणि खाली पडेपर्यंत ते पडतंय असं वाटतच नाही, उभं आहे असं वाटतं.

अंगावर काटा आला. वहीत लिहायलाही लाज वाटते, पण मी त्याला हात जोडले. मग लगेच सोडले.

कुणाला सांगणार नाही. मुलालाही नाही. चमत्कार असो की खात्याचा गलथानपणा, बोभाटा झाला की बंद होणार.

(बादल्या मोजायच्या राहिल्या.)

११ मार्च, सोमवार

पाणी येतंय. चार दिवस झाले.

पंधरा नंबरकडे काहीतरी बिनसलंय. ती सकाळपासून कोपऱ्यावरच्या सार्वजनिक नळावरून कॅन आणतेय. दोन हातांत दोन, वाकून, मध्ये तीनदा टेकवत. साठीची बाई. मी खिडकीतून मोजलं, दुपारपर्यंत सात खेपा. तिच्या दोरीवर चादर नाही. इतक्या वर्षांत ती दोरी मी रिकामी कधी पाहिली नव्हती. माझ्या अंगणात प्रथमच भिंतीपर्यंत ऊन आलंय.

तिचं बिल तर नेहमी वेळेवर भरलेलं असतं. मग तिचं पाणी का गेलं? माझं तोडलं तरी मला येतं, तिचं न तोडता गेलं. या पाण्याची समजूतच निराळी. मला थोडी भीती वाटली. थोडं बरंही वाटलं, खोटं कशाला लिहू.

१२ मार्च, मंगळवार

आज जे झालं ते सगळं लिहायला हवं.

शेजारणीनं तक्रार केली म्हणून खात्यानं गळती शोधणारा माणूस पाठवला. जाडजूड, शांत, कानांवर केस उगवलेले. त्याच्याजवळ एक लांब पोलादी सळई, तिच्या एका टोकाला लाकडी वाटी. वाटी कानाला लावायची, दुसरं टोक जमिनीखालच्या पाइपावर टेकवायचं, आणि डोळे मिटून ऐकायचं. एवढंच त्याचं काम. पगार मिळतो म्हणे त्याचा. मी मनात त्याचं नाव कानवाला ठेवलं आणि फाटकाशी जाऊन उभी राहिले. फुकटचा तमाशा कोण सोडतं?

त्यानं पंधरा नंबरचं झाकण उघडलं. सळई मीटरवर टेकवली. डोळे मिटले. रस्त्यानं एक टेम्पो गेला तेव्हा त्यानं हात वर करून जणू त्याला दम दिला.

"बाई, घरात नळ चालू आहे?" त्यानं शेजारणीला विचारलं.

"सगळे उघडून ठेवलेत हो, पण थेंब नाही."

"पाणी तर चाललंय इथून. हे बघा, मीटरचं लाल चाक फिरतंय."

शेजारीण रडकुंडीला आली. "कुठं जातंय मग? घरात माणूस आहे हो अंथरुणावर. चार दिवस चादर बदलली नाही."

त्यानं तिच्या अंगणात फरशीवर चार ठिकाणी सळई लावली. कुठेच काही नाही. परत खड्ड्यापाशी आला. मी म्हटलं, "काय रे, जमिनीशी गप्पा मारतोस. ती काही बोलते का?"

"बोलते ना. ऐकायचंय?"

"मला डाव्या कानानं ऐकू येत नाही. उजव्यानं अर्धं."

"कान नकोच," तो म्हणाला. "इथे, कानामागच्या हाडावर टेकवा. हाडाला बहिरेपण येत नाही."

मी टेकवलं. आधी काही नाही. थंड लाकूड नुसतं. मग आलं. लांबच लांब कापड कुणी न थांबता फाडत असावं तसा आवाज. कानातून नाही, कवटीतून. दातांत. त्याच्या खाली आणखी एक आवाज होता, जाड, खोल, श्वासासारखा.

"तो खालचा कुठला?" मी विचारलं. माझा आवाज मलाच परका वाटला.

"रस्त्याखालची मोठी लाइन. डोंगरातल्या तलावातून निघालं की इथे पोचायला दोन दिवस लागतात, मावशी. तुम्ही आज पिणार ते पाणी परवा निघालेलं."

दोन दिवस. अंधारातून. कुणी बघत नाही, कुणी हाक मारत नाही, आणि ते बरोबर माझ्या पातेल्यात येतं. आणि वरून आम्ही सत्तर वर्षं चपला वाजवत जातो, आणि म्हणतो, पाणी काय, नळाला येतं. मी सळई सोडायलाच तयार नव्हते. त्यानं हळूच काढून घेतली.

तेव्हा आठवलं, मी आत नळ सोडून आलेय. बादली लावली होती, भरून वाहत असेल. मी लगबगीनं आत गेले आणि नळ बंद केला.

बाहेरून कानवाला ओरडला, मला ऐकू येईल इतक्या जोरानं. "थांबलं! आत्ताच्या आत्ता थांबलं!"

माझा हात नळावरच होता. मी अर्धा फिरवला.

"सुरू झालं परत!"

बंद केला.

"थांबलं!"

मी नळाला धरून उभी राहिले. चमत्कार वगैरे काही नव्हता. पंधरा नंबरच्या झाकणाखालून जे जातं ते माझ्या घरात येतं. म्हणजे चौदाच्या झाकणाखालून जे जात होतं, ज्याला गुरुवारी शिसं लागलं, ते तिचं होतं. म्हणजे चौदाचं बिल...

इथपर्यंत विचार आला आणि मी पुढे जाऊ दिला नाही. कारण पुढे सून उभी होती.

बाहेर गेले नाही. नळ बंदच ठेवला. कानवाला बराच वेळ ऐकत बसला, मग त्यानं शेजारणीच्या अंगणात खडूनं रेघ मारली. "गुरुवारी माणसं आणून खणतो," म्हणाला. फरशी फोडणार. सापडणार काहीच नाही.

मी गप्प बसले. हे मी लिहून ठेवते, कारण ही वही कुणाच्या टेबलावर आता जाणार नाही.

१३ मार्च, बुधवार

दिवसभरात नीट जेवले नाही. सगळी उलटसुलट कारणं काढून पाहिली. सांगितलं तर पाणी जाईल, हे पहिलं. पण ते खरं कारण नाही, पाणी मी पण कोपऱ्यावरून आणेन, हात अजून आहेत. सांगितलं तर मुलाला कळेल, हे खरं. सात वर्षं मी दाराबाहेर उभी राहून ज्या बादल्या मोजल्या त्या बरोबरच होत्या. मोजणारी चुकली होती.

आणि नाही सांगितलं तर? सून तिकडे, मी इकडे, सगळं सुरळीत. मी बरोबर. आई खोटं बोलत नाही. भिंतीपलीकडे मात्र एक माणूस पाच दिवस एकाच चादरीवर.

संध्याकाळी दार उघडलं तर उंबऱ्यापाशी पाण्याचा कॅन. वीस लिटरचा, झाकण घट्ट लावलेला, बाहेरून ओला. शेजारीण तिच्या फाटकाशी दम खात उभी होती. पाच वर्षांनी माझ्याशी बोलली.

"तुमचं तोडलंय ना हो. मी जातेच आहे नळावर, एक जास्त आणला. तुमच्या वयाला कुठे झेपणार."

माझ्या मोरीत पिंप काठोकाठ भरलेलं. आणि ही बाई, हिच्याच वाट्याचं बंद झालेलं पाणी कोपऱ्यावरून ओढून माझ्या दारात ठेवते.

मला लोकांनी शिव्या दिल्यात, त्यांना मी व्याजासकट परत केल्यात. याला काय परत करायचं ते सुचेना. मी म्हटलं, "आत ये."

"नको, हे एकटे आहेत."

"आत ये म्हटलं ना! तुझं पाणी माझ्या घरात आहे."

ती काहीच न समजून आली. मी तिला नळासमोर उभं केलं आणि उघडला. ती बघत राहिली, त्या दिवशी मी बघितलं होतं तशीच. मग सगळं सांगितलं. कालचंसुद्धा, की कळलं होतं आणि गप्प बसले.

मला वाटलं शिव्या देईल. ती धारेकडे बघतच म्हणाली, "आधी चार बादल्या देता का?"

आम्ही भिंतीवरून दिल्या. चार नाही, अकरा. शेवटची दिली तेव्हा तिच्या खोलीतून तिच्या नवऱ्याचा आवाज आला, शब्द नाही, नुसता आवाज. ती म्हणाली, "त्यांना पाणी लागलं की असं करतात. बरं वाटतंय त्यांना."

१४ मार्च, गुरुवार

कानवाला कुदळवाले घेऊन आला. मी फाटकातच अडवलं. "कुदळी परत ने. मी सांगते कुठे खणायचं ते." ऐकून घेतल्यावर तो खाली बसला आणि दोन्ही झाकणं उचलून शेजारी ठेवली. मग त्यानं चौदाचं झाकण पंधराच्या चौकटीत ठेवलं. बसलं, गप्प. पंधराचं चौदात ठेवलं. तेही गप्प. त्यानं वर पाय देऊन पाहिलं, डुगडुगलं नाही.

"झाकणं उलटी बसलीत," तो म्हणाला. "मीटर वाचणारा झाकणावरचा नंबर बघतो, खालचा, मीटरवरचा, कुणी बघत नाही. चिखलात असतो तो. कुणी काढली होती का ही कधी?"

मी कशाला बोलतेय. मी तर त्या झाकणांकडे बघत होते. त्यांना हिरवा रंग आहे. तो कुणी दिला? मीच. मुलाच्या लग्नाच्या आदल्या दिवशी. पाहुणे येणार, फाटकासमोर गंजकी झाकणं बरी दिसत नाहीत म्हणून दोन्ही काढून ओट्यावर वाळत घातली, नंबरही मीच पांढऱ्या रंगानं गिरवले. आणि घाईत परत बसवली.

त्याच संध्याकाळी बसवली. दुसऱ्या दिवशी सून घरात आली.

शेजारीण म्हणाली, "म्हणजे त्या वेळेला माझं बिल कमी झालं ते..."

"ते काय?"

"मी खात्याला अर्ज केला होता. घरात आजारी माणूस आहे, सवलत द्या म्हणून. पुढच्याच बिलाला कमी आलं. मला वाटलं मंजूर झाला. मी दर बिलाला त्या साहेबाला मनातून दुवा देत आलेय. या दोन महिन्यांत तर आणखीच कमी झालं, म्हटलं केवढा देवमाणूस."

कानवाल्याला हसू आवरेना. "त्या खात्यात देवमाणूस? मावशी, मी बावीस वर्षं नोकरी करतोय तिथे."

मी नाही हसले. माझ्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. मी आयुष्यात कुणाला फुकट काही दिलेलं नाही. हे मी अभिमानानं सांगायची. आणि सात वर्षं रोज, सकाळी, दुपारी, संध्याकाळी, मी त्या अंथरुणावरच्या माणसाच्या चादरी धुतल्या. त्याला अंघोळ घातली. मला माहीत नाही, तिला माहीत नाही, त्याला माहीत नाही. घरात मी कांद्यासारखी तिखट बसलेली, आणि माझ्या पायाखालून, भिंतीपलीकडे, माझ्या नावानं एवढं मोठं काम चाललेलं. रस्त्याखालच्या त्या खोल श्वासासारखं. कुणी ऐकायला सळई लावली असती तरच कळलं असतं.

पैसे मी भरले, पण त्याची खरी किंमत मी चुकवली नाही. ती दुसऱ्याच एका बाईनं चुकवली, माझ्या घरात, खाली मान घालून.

कानवाल्यानं खात्यात फोन लावला. शिसं तोडायला मंजुरी हवी म्हणाला. मी फोन घेतला. "तुमचं शिसं चुकीच्या घराला लागलंय. पाच मिनिटांत निघालं नाही तर मी तिथे येते. मी चौथी दोनदा केलेली आहे, मला वेळ भरपूर आहे." पलीकडून चष्मेवाल्याचा आवाज. "आजी, तोडा म्हणावं, तोडा."

कॉक उघडला. शेजारणीच्या घरातले सगळे नळ उघडेच होते. ते एकदम बोलायला लागले.

१५ मार्च, शुक्रवार

खात्यात गेलो, दोघी. चष्मेवाल्यानं जुने कागद काढले, चष्मा कपाळावर चढवला, म्हणाला माझंच खात्याकडे पुष्कळ निघतं, आणि ते या बाईंकडून वसूल करावं लागेल. शेजारणीचा चेहरा पांढरा झाला.

मी म्हटलं, "मला काही नको. लिहून घे."

"आजी, विचार करा. सात वर्षं आहेत."

"झाकणं मी उलटी बसवली. माझ्या चुकीचं बिल मी भरलं, थकलेलं दोन महिन्यांचंही भरते. यात ही कुठून आली?"

बाहेर आल्यावर शेजारीण माझा हात धरायला लागली. मी म्हटलं, "रस्त्यात तमाशे नकोत. आणि चादरी आतल्या बाजूला वाळत घालत जा, मला ऊन लागतं." ती हसली. दया वगैरे केली नाही मी, सरळ हिशेब होता. तिच्या बाजूचा मिटला.

१७ मार्च, रविवार

बस बदलून तासाभरानं त्यांच्याकडे पोचले. तिसरा मजला. गुडघ्यांनी प्रत्येक पायरीला मला एकेक शिवी दिली. वाटेत वाक्य तयार केलं होतं, पाठ केलं होतं. मुलानं दार उघडलं, "आई? एकटी?" आणि ते वाक्य जिन्यातच राहिलं.

सून स्वयंपाकघरातून बाहेर आली. बारीक झालीय. मी उभ्या उभ्याच सांगितलं. झाकणं, रंग, लग्नाचा आदला दिवस, चादरी, सगळं. मुलाचा चेहरा बदलत गेला, तो काहीतरी कडक बोलणार होता, बोलू दिलं असतं मी. पण सून आधी बोलली. हळू, माझ्याकडे न बघता.

"पहिली दोन वर्षं मला पक्कं माहीत होतं, मी नाही सांडत. तुम्ही मोजायच्या, तशा मीही मोजायचे. मग मात्र मलाच कळेनासं झालं. एवढं बिल येतंय म्हणजे कुठेतरी सांडतच असेन, मला दिसत नसेल. इकडे आल्यावरसुद्धा वाटायचं."

मला वाटलं होतं ती मला खोटारडी म्हणेल. तिनं माझंच खरं धरलं होतं. स्वतःच्या डोळ्यांपेक्षा, स्वतःच्या हातांपेक्षा. माझ्या नुसत्या तोंडच्या शब्दाला एवढा जोर असेल हे मला कुणी सत्तर वर्षांत सांगितलं नाही. डोंगरातलं पाणी दोन दिवस चालून येतं, हे ऐकून मी हादरले होते. माझा शब्द तर सात वर्षं तिच्यात चालत राहिला होता.

"चहा करते," ती म्हणाली आणि आत गेली. मी मागोमाग गेले.

तिनं नळ उघडला. म्हणजे उघडला म्हणायचं इतकंच. दोऱ्याएवढी धार. त्या दोऱ्याखाली कप धरून ती बोटानं विसळत होती, एकेक बाजू फिरवत, थांबून थांबून. एका कपाला किती वेळ. या घराचं पाणी भाड्यातच धरलेलं आहे, मुलानं मला फोनवर सांगितलं होतं. इथे मीटर नाही, बिल नाही, दाराबाहेर कुणी उभं नाही.

मी पुढे झाले आणि नळ पुरता उघडला.

पाणी जोरात आलं, कपावर आपटून आम्हा दोघींच्या अंगावर उडालं. तिचा हात विजेसारखा तोटीकडे गेला, बंद करायला. मी माझा हात मध्ये धरला. ती माझ्याकडे बघायला लागली, आता काय बोलणार ही, अशा नजरेनं, सात वर्षांच्या सवयीनं.

मी हात तसाच मध्ये धरून ठेवला आणि धार चालू राहू दिली.

जरा वेळानं तिनं कप खाली ठेवला. हात धारेखाली धरला. आधी बोटं, मग मनगट. मग दुसराही.